निक्सन, सुरक्षा आणि कायद्याचा प्रश्न

रिचर्ड निक्सन म्हटले की आपल्याकडच्या जुन्या पिढीला १९७१ साल आठवते. पूर्व पाकिस्तानात याह्याखानाचे लष्कर कत्तली करीत असताना त्याची पाठराखण करणारा आणि भारताला धाक दाखवण्यासाठी बंगालच्या उपसागरात आरमार धाडणारा हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. परंतु आज त्याचे चरित्र आठवायचे ते दुसऱ्या कारणासाठी. राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द सत्ताधाऱ्याच्या हाती मोकळा सोडला तर त्याचे काय होते, हे या चरित्रातून कळते.

निक्सनचा जन्म ९ जानेवारी १९१३ रोजी कॅलिफोर्नियातला. बापाचा लिंबांचा मळा बुडाला, मग किराणा दुकान काढले. दोन भाऊ आजाराने गेले. शिष्यवृत्तीवर तो कायदा शिकला आणि वकील झाला. १९४६ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९५० मध्ये सिनेटवर निवडून आला. कम्युनिस्टांचा बागुलबुवा हे त्याचे भांडवल. आठ वर्षे उपराष्ट्राध्यक्षपद भोगून १९६० मध्ये तो केनेडींकडून हरला आणि १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला.

मार्च १९६९ पासून त्याच्या सरकारने कंबोडियावर गुप्तपणे बॉम्बफेक केली आणि लष्करी नोंदी खोट्या लिहिल्या. त्या काळात अमेरिकेतही अतिरेकी गट बॉम्ब फोडीत होते. हे कारण पुढे करून १९७० मध्ये निक्सनने नागरिकांची पत्रे फोडण्याच्या व घरात चोरून शिरण्याच्या योजनेला मंजुरी दिली. एफबीआयच्या प्रमुखानेच विरोध केला म्हणून ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली.

याच सुमारास एक खटला उभा राहिला. १९६८ मध्ये मिशिगनमधील ॲन आर्बर येथे सीआयएच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला होता. सरकारने एका आरोपीचे फोनवरील बोलणे न्यायालयाच्या परवानगीशिवाय चोरून ऐकले होते. राष्ट्राध्यक्षाला सुरक्षेसाठी परवानगी लागत नाही, असा सरकारचा दावा. खटला होता न्यायमूर्ती डेमन कीथ यांच्यापुढे. गुलामांचा हा कृष्णवर्णीय नातू वकिलीची परीक्षा देताना झाडलोट करून पोट भरीत होता. त्यांनी १९७१ मध्ये सरकारचा दावा फेटाळला. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांचा निर्णय उचलून धरला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पॉवेल हे निक्सननेच नेमलेले होते.

त्याच्या दोनच दिवस आधी, १७ जूनला, वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत शिरलेले पाच जण पकडले गेले होते. २३ जूनला निक्सनने आपल्या कचेरीत बसून ठरवले की सीआयएला सुरक्षेची सबब सांगायला लावून एफबीआयचा तपास थांबवावा. हे संभाषण त्याच्याच यंत्राने ध्वनिमुद्रित केले. राष्ट्राध्यक्षांची संभाषणे गोपनीय असतात, असे म्हणून त्याने फिती दडवल्या. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्या देण्याचा आदेश दिला. ९ ऑगस्टला त्याने पद सोडले.

खटला मात्र त्याच्यावर चाललाच नाही. महिन्याभरात नव्या राष्ट्राध्यक्षाने त्याला माफी दिली. हाताखालची माणसे तुरुंगात गेली. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याची वकिलीची सनद रद्द झाली, एवढीच काय ती शिक्षा. २२ एप्रिल १९९४ रोजी तो वारला.

१९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षाचे कागद ही जनतेची मालमत्ता ठरली. परंतु १ जुलै २०२४ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कृत्यांबद्दल फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण देऊन टाकले. कायदा एकदा जिंकला म्हणजे कायमचा जिंकत नाही.

बॉम्ब फोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. ती कायद्याने झाली पाहिजे. दहशतवादाचे नाव घेऊन कोणतेही सरकार नागरिकाच्या घरात शिरू लागले, तर कीथ यांनी विचारलेला साधा प्रश्न आपण विचारावा: परवानगी कोणत्या न्यायालयाची?