चिमण्या, डास आणि रॉसचं गणित

रोनाल्ड रॉस हे नाव आपल्या हैदराबादकरांना बेगमपेटमुळे ठाऊक असतं. तिथल्या लष्करी इस्पितळात त्याने हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावू दिले, दर डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्ट १८९७ ला त्यातल्याच एका डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. पाठ्यपुस्तक इथेच थांबतं. मला पुढचा रॉस जास्त आवडतो.

जन्म अल्मोड्याचा, १८५७ चा. वडील लष्करात अधिकारी. पोराला व्हायचं होतं लेखक, वडिलांनी धाडलं डॉक्टरकीला. तरी कविता, कादंबऱ्या चालूच राहिल्या, आणि मद्रासकडच्या नोकरीत त्याने आपलं आपण गणितही शिकून घेतलं.

सिकंदराबादेत धागा हाती लागतो न लागतो तोच बदली झाली. १८९८ मध्ये तो कलकत्त्याला आला, तर तिथे प्लेगची धास्ती. सुई दिसली की लोक पळायचे. मग माणसांऐवजी पक्षी! चिमण्या, चंडोल, कावळे. पक्ष्यांनाही त्यांचा मलेरिया असतो. मदतनीस मोहम्मद बक्स डास आणि पक्षी आणून द्यायचा. जुलैत डासाच्या लाळग्रंथीत जंतू सापडले आणि ते डास चावल्यावर धडधाकट चिमण्या आजारी पडल्या. वाट पुरी झाली. १९०२ चं नोबेल रॉसला मिळालं. (मोहम्मद बक्सचं नाव किती जणांना माहीत आहे?) श्रेयावरून इटलीच्या ग्रास्सीशी त्याचं जे वाजलं ते कायमचं. त्यात रॉस फारसा शोभून दिसत नाही.

खरी अडचण यापुढे आली. लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डास कमी करायचा प्रयोग फसला. सगळे डास मारणं अशक्य, तेव्हा हा खटाटोप व्यर्थ, असं लोक म्हणू लागले. यावर रॉसने गणित मांडलं. आधी मॉरिशसच्या अहवालात १९०८ ला, मग १९११ ला समीकरणांसकट. मुद्दा तसा सोपा आहे. मादी डासाने आधी आजाऱ्याला चावायला हवं, जंतू वाढेपर्यंत काही दिवस जगायला हवं आणि मग निरोग्याला चावायला हवं. दर पायरीला गळती होते. म्हणून डास एका मर्यादेखाली आले की जुने रोगी बरे होतात, पण तितके नवे तयार होत नाहीत, आणि डास शिल्लक असूनही रोग विझतो. डॉक्टरांना हे पटायला वेळ लागला.

रॉस १९३२ ला लंडनमध्ये वारला. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्डने त्याची समीकरणं पुढे नेली. १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणूने कावळे मरू लागले, तेव्हा संशोधकांनी याच पद्धतीने आकडेमोड केली: निरोगी पक्षी किती, आजारी किती, विषाणू वाहणारे डास किती. फक्त मेलेल्या पक्ष्यांचा रकाना वाढवावा लागला.