विश्लेषण : वाघापुढे माणसाचे बळ किती? जिम कॉर्बेट यांच्या आयुष्यातून काय कळते?

पूर्ण वाढ झालेल्या नर वाघाचे वजन दोनशे किलोच्या आसपास असते. अंधारात त्याला माणसापेक्षा कितीतरी चांगले दिसते आणि गादीसारख्या पंजांमुळे तो अगदी जवळ येईपर्यंत पाचोळाही वाजत नाही. नखे, सुळे, वेग यांपैकी कशातच माणूस त्याची बरोबरी करू शकत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुमाऊँ आणि गढवालच्या डोंगरांत एक माणूस एकामागून एक नरभक्षक वाघ-बिबट्यांचा पायी माग काढत राहिला आणि ७९ वर्षांचे आयुष्य जगून नैसर्गिक मृत्यूने गेला. जिम कॉर्बेट यांना हे कशामुळे जमले? केवळ बंदुकीमुळे, असे उत्तर दिले तर ते अपुरे ठरते. कारण त्यांच्याआधी त्याच जनावरांच्या मागे गेलेल्या सैनिकांकडे आणि बक्षीसवाल्या शिकाऱ्यांकडेही बंदुका होत्या.

कॉर्बेट जंगल कुठे शिकले?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तिथेच पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर आला. हे कुटुंब उन्हाळ्यात नैनितालला आणि हिवाळ्यात पायथ्याच्या कालाढुंगी येथे राहत असे. कालाढुंगीच्या घराबाहेर पाऊल टाकले की जंगल सुरू होई.

आधी बेचकी, मग ठासणीची जुनी बंदूक घेऊन हा मुलगा रानात भटकू लागला. मोठा भाऊ टॉम आणि गावातला कुंवरसिंग हे त्याचे गुरू. कुंवरसिंग चोरटी शिकार करण्यात पटाईत होता, त्यामुळे रानातल्या प्रत्येक आवाजाचा अर्थ त्याला ठाऊक होता. सांबर, चितळ, भेकर आणि वानर हे प्राणी वाघ-बिबट्या दिसला की इशाऱ्याचा आवाज काढतात. कुठला प्राणी, कुठून आणि किती वेळ ओरडतो आहे, यावरून न दिसणारे जनावर कोणत्या दिशेला चालले आहे, याचा अंदाज येतो. मातीतल्या ठशावरून जनावराचा आकार, चाल आणि लंगडेपणा कळतो. जिम यांनी हे सारे आत्मसात केले, शिवाय प्राण्या-पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढायलाही शिकले.

शाळेनंतर मात्र त्यांना रेल्वेत नोकरी धरावी लागली. पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेपलीकडे जाणाऱ्या रेल्वेमालाच्या चढ-उताराचे कंत्राट त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सांभाळले. शिकार हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा कधीच नव्हता.

चंपावतला जाण्याआधी दोन अटी का घातल्या?

पहिली मोठी मोहीम १९०७ सालची. नेपाळमध्ये सुमारे २०० माणसे मारल्यानंतर एका वाघिणीला तिथल्या सशस्त्र लोकांनी हुसकावून लावले आणि ती सीमा ओलांडून कुमाऊँत आली. पुढच्या चार वर्षांत तिने आणखी २३४ जणांचा जीव घेतला होता. सरकारने बक्षीस लावले, खास शिकारी नेमले, अल्मोड्याहून सैनिकही धाडले. उपयोग झाला नाही.

कॉर्बेट यांनी जाण्याआधी दोन अटी घातल्या. बक्षीस रद्द करावे आणि इतर सर्व शिकाऱ्यांना व सैनिकांना माघारी बोलवावे. बक्षिसासाठी मारणारा म्हणून ओळखले जाणे त्यांना नको होते. दुसरी अट व्यवहारी होती. दाट झाडीत अनेक बंदूकधारी फिरू लागले, की वाघाआधी माणसालाच गोळी लागण्याचा धोका असतो.

ते पोहोचले तेव्हा पाली गावातले लोक दारे लावून घरांत कोंडून बसले होते. पिके शेतात उभी होती, पण बाहेर पडायची कोणाची छाती नव्हती. पुढे चंपावतजवळ वाघिणीने एका मुलीला मारले. कॉर्बेट त्या रक्ताच्या मागावर दरीत उतरले आणि वाघीण कुठे दडते, हे त्यांनी हेरून ठेवले. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांच्या मदतीने २९८ गावकरी जमवून हाका घालण्यात आला. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. ती संपली तरी जखमी वाघीण उभीच होती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची जुनाट बंदूक आणली आणि शेवटची गोळी झाडली. नरभक्षकाच्या मागावरची ही त्यांची पहिलीच वेळ होती. एकूण बळींचा आकडा ४३६ धरला जातो.

वाघिणीच्या दातांतून काय कळले?

मेलेल्या वाघिणीचा जबडा उघडून पाहिला तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. एका जुन्या गोळीने ते मोडले होते. नेहमीचे भक्ष्य धरणे तिला अवघड झाले आणि ती माणसाकडे वळली, असा निष्कर्ष कॉर्बेट यांनी काढला. म्हणजे चारशेहून अधिक मृत्यूंच्या साखळीची सुरुवात एका माणसाच्या चुकलेल्या नेमापासून झाली होती.

पुढे प्रत्येक नरभक्षकाचे शव ते अशाच बारकाईने तपासत. १९३० मध्ये मारलेल्या चौगढच्या वाघिणीची नखे तुटलेली आणि दात झिजलेले होते. मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि सुमारे ५० काटे तिच्या अंगात रुतले होते. जखमा आणि म्हातारपण या दोनच गोष्टी बहुतेक वेळा वाघाला माणसाकडे वळवतात, हे त्यांचे मत यातून पक्के झाले. बिबट्यांबाबत त्यांनी वेगळे कारण मांडले. साथीच्या रोगात माणसे मोठ्या संख्येने मेली की अंत्यसंस्कार नीट होत नाहीत. उघड्यावरच्या मृतदेहांमुळे बिबट्याला माणसाच्या मांसाची सवय लागते.

रुद्रप्रयागचा बिबट्या आठ वर्षे का सापडला नाही?

हा बिबट्या १९१८ ते १९२६ या काळात केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर वावरत होता. सरकारी नोंदीत त्याचे १२५ बळी आहेत. चंपावतच्या तुलनेत आकडा लहान, पण देशभरातून यात्रेकरू तिथे येत असल्याने त्याची दहशत दूरवर पोहोचली. सापळे लावले गेले, विष घातले गेले, बंदूकधारी बसवले गेले. तो प्रत्येक वेळी निसटला.

वाघ नरभक्षक झाला की त्याची माणसाविषयीची भीती मोडते आणि तो दिवसाढवळ्या हल्ला करतो. बिबट्याची भीती मात्र कायम राहते. म्हणून तो रात्री येतो आणि बंद घरांतूनही माणूस उचलतो. रात्रीच्या अंधारात नेम धरणे जवळपास अशक्य असते.

कॉर्बेट १९२५ मध्ये तिथे पोहोचले तेव्हा त्यांनी आधी नकाशाचा विचार केला. अलकनंदा ओलांडायला बिबट्याला झुलत्या पुलांखेरीज मार्ग नव्हता. पूल अडवले तर त्याचे क्षेत्र निम्म्यावर येते. रुद्रप्रयागच्या पुलाच्या बुरुजावर त्यांनी कडाक्याच्या थंडीत २० रात्री काढल्या. बिबट्या आला नाही. थकून ते परत गेले आणि १९२६ च्या वसंतात पुन्हा आले. अखेर गोलाबराईच्या धर्मशाळेजवळ आंब्याच्या झाडावर मचाण बांधून, खाली गळ्यात घंटा बांधलेला बोकड ठेवून ते रात्रीमागून रात्री बसले. मे महिन्याच्या सुरुवातीला एका रात्री घंटा वाजली. विजेरीचा झोत क्षणभर पडला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. नेम लागला की नाही, हे कळायला पहाटेची वाट पाहावी लागली. सकाळी दिसला तो एक म्हातारा, पांढुरक्या तोंडाचा बिबट्या.

धाडसापेक्षा काय कामी आले?

कॉर्बेट यांची पद्धत पाहिली तर ती निरीक्षणातून काढलेल्या नियमांवर उभी होती. माणसाचे नाक कमकुवत असते, हे वाघाला ठाऊक नसते. त्यामुळे तो हरणाची शिकार करावी तशीच माणसाची करतो. स्वतःचा वास भक्ष्याकडे जाऊ नये म्हणून वारा ज्या दिशेला वाहत असतो, त्या बाजूला तो दबा धरतो. वारा समोरून येत असेल तर धोका पाठीमागे असतो. अशा वेळी कॉर्बेट सरळ चालत नसत. वारा आधी एका गालावर, मग दुसऱ्या गालावर घेत ते नागमोडी जात. त्यामुळे धोक्याची बाजू नजरेच्या टप्प्यात राहत असे.

चौगढच्या वाघिणीच्या वेळी त्यांच्या डाव्या हातात वाटेत सापडलेली रातव्याची अंडी होती. एका खडकाला वळसा घालताच जेमतेम आठ फुटांवर वाघीण बसलेली दिसली. झटकन वळले असते तर तिने झेप घेतली असती. त्यांनी उजव्या हातातली रायफल इंचाइंचाने फिरवली आणि एका हाताने गोळी झाडली. हातात अंडी असल्यामुळेच हालचाल संथ राहिली, असे त्यांना वाटे. नंतर ती अंडी त्यांनी जागेवर नेऊन ठेवली.

शेवटची नरभक्षक वाघीण ठाक गावची. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी नर वाघाचा आवाज काढून तिला बोलावले. मीलनाचा हंगाम असल्याने ती प्रतिसाद देत जवळ आली. तोवर त्यांच्या एका कानाचा पडदा निकामी झालेला होता. काही वर्षांपूर्वी शिकारीत शेजारच्याने कानाजवळ जड रायफल झाडल्याने ही इजा झाली होती.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे कसे वळले?

कॉर्बेट हे त्यांच्या काळाचेच अपत्य होते. त्यांनी नरभक्षक नसलेल्या वाघांचीही शिकार केली. १९३० मध्ये मारलेला पवलगढचा प्रचंड वाघ त्यांपैकीच एक. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत भारतात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. बक्षिसे आणि हौस ही दोन्ही कारणे त्यामागे होती. वाघ संपत चालला आहे, हे कॉर्बेट यांनी प्रत्यक्ष जंगलात पाहिले. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांच्या वन्यप्राण्यांच्या छायाचित्रांचा प्रभाव पडून त्यांनी चलचित्रण सुरू केले. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क हे भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, त्यामागे त्यांचेही प्रयत्न होते. पुढे त्यालाच कॉर्बेट यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

त्यांचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने मुंबईतून प्रकाशित केले आणि ते जगभर गाजले. कालाढुंगीजवळचे छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी विकत घेऊन वसवले होते. रानडुकरे शेतात शिरू नयेत म्हणून गावाभोवती दगडी भिंत बांधून घेतली. गावकरी त्यांना कारपेट साहिब म्हणत. १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

आज या आयुष्याकडे का पाहायचे?

चंपावत, पनार, रुद्रप्रयाग आणि चौगढ या चारच प्राण्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक माणसांचे मृत्यू मांडले जातात. यातले काही आकडे अंदाजाचे आहेत, पण त्या काळात डोंगरातल्या माणसाने काय भोगले, हे त्यावरून कळते. आता परिस्थिती बदलली आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार वाघ-बिबट्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. त्यासाठी तो माणसाच्या जिवाला धोकादायक असल्याची खात्री करून कारणे लेखी नोंदवावी लागतात. पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नसेल तरच हा मार्ग खुला होतो.

जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आणि चंद्रपूरच्या जंगलालगत वाघ यांच्यासोबत राहणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. हल्ला झाला की संताप होतो आणि दिसेल त्या जनावराला संपवा, अशी मागणी होते. कॉर्बेट यांनीही नरभक्षकाला जिवंत सोडले नाही. पण मारण्याआधी हल्ला करणारे जनावर नेमके हेच का, याची खात्री ते करत आणि मारल्यानंतर ते माणसाकडे का वळले, याचे कारण शोधत. चंपावतच्या वाघिणीचे सुळे मोडणारी गोळी कोणी झाडली, हे कधीच कळले नाही. त्याची किंमत मात्र नेपाळ आणि कुमाऊँमधल्या चारशेहून अधिक घरांनी मोजली.