आरमाराचा हिशेबनीस

लंडनमधील एका शिंप्याच्या घरी २३ फेब्रुवारी १६३३ रोजी जन्मलेले सॅम्युअल पीप्स जगाला परिचित आहेत ते त्यांच्या रोजनिशीमुळे. मात्र इंग्लंडच्या आरमाराला शिस्त लावणारे प्रशासक म्हणून त्यांचे कार्य तितकेच मोलाचे आहे.

केंब्रिजमधील शिक्षणानंतर ते एडवर्ड माँटेग्यू या आपल्या नातलगाच्या सेवेत रुजू झाले. राजा दुसरा चार्ल्स याला हॉलंडहून मायदेशी आणण्यासाठी १६६० मध्ये निघालेल्या ताफ्यात ते माँटेग्यूंचे चिटणीस होते. २२ मे रोजी राजाच्या सन्मानार्थ त्यांनी स्वहस्ते तोफ डागली. तोफेवर अधिक वाकल्याने त्यांचा उजवा डोळा थोडक्यात बचावला.

त्याच वर्षी आरमार कचेरीचे कारभारी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. वेतन वार्षिक ३५० पौंड आणि राहण्यास सरकारी घर. मात्र या पदावर हक्क सांगणाऱ्या जुन्या अधिकाऱ्यास दरसाल १०० पौंड द्यावे लागत. मुंबईकरांनाही हा काळ परका नाही. पोर्तुगीज राजकन्या कॅथरिनच्या १६६१ च्या विवाहकरारात मुंबईसोबत आफ्रिकेतील टँजियर बंदरही इंग्लंडला मिळाले. त्या टँजियरची खजिनदारी १६६५ पासून पीप्स यांच्याकडे आली.

सोहळ्यांच्या या झगमगाटामागे खजिना रिकामाच होता. खलाशांना रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या दिल्या जात आणि पोटासाठी त्या ते कमी किमतीत विकून टाकत. पैशाअभावी मोठी जहाजे गोदीत बांधून ठेवावी लागली. जून १६६७ मध्ये डच आरमार मेडवे नदीत शिरले, त्याने अनेक जहाजे जाळली आणि 'रॉयल चार्ल्स' ही युद्धनौका ओढून नेली. डच जहाजांवर काही इंग्रज खलाशीही होते. पुढील वर्षी ५ मार्च रोजी पीप्स यांनी संसदेत सुमारे तीन तास भाषण करून कचेरीची बाजू मांडली.

१६७३ मध्ये ते अॅडमिरल्टीचे सचिव झाले. लेफ्टनंटपदासाठी परीक्षा सक्तीची करून वशिल्याला आळा घालण्याचा प्रयत्न त्यांनी १६७७ मध्ये केला. फ्रान्सला गुपिते विकल्याच्या आरोपावरून १६७९ मध्ये त्यांना टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबण्यात आले; मात्र आरोप टिकला नाही. १६८४ मध्ये ते सन्मानाने पदावर परतले. २३ एप्रिल १६८५ रोजी दुसऱ्या जेम्सच्या राज्याभिषेकात राजावरील छत्र धरणाऱ्यांत त्यांना स्थान मिळाले.

सत्तांतरानंतर १६८९ मध्ये त्यांनी पद सोडले. २६ मे १७०३ रोजी क्लॅपहॅम येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा सरकारकडे त्यांचे २८,००७ पौंड थकीत होते. ही रक्कम त्यांच्या वारसांनाही मिळाली नाही. खलाशांच्या थकलेल्या पगाराचा हिशेब आयुष्यभर मांडणाऱ्या या अधिकाऱ्याचे स्वतःचे येणेही अखेर कागदावरच राहिले.