सेनापति ब्लूखर

वॉटर्लूचें नांव निघालें कीं, १८०३ सालीं असईस शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा वेलिंग्टन आपणांस आठवतो. परंतु वॉटर्लूस तो ज्या वृद्ध प्रशियन सेनापतीच्या वाटेकडे डोळे लावून बसला होता, त्याची ओळख आज आम्ही वाचकांस करून देणार आहों.

गेबहार्ट फॉन ब्लूखर हा १७४२ सालीं जर्मनींतील रॉस्टॉक येथें जन्मला. कोवळ्या वयांतच तो स्वीडनच्या घोडदळांत शिरला, १७६० सालीं प्रशियाच्या हातीं सांपडला व पुढें प्रशियाचाच शिपाई झाला. बढती हुकल्यामुळें संतापून त्यानें चाकरी सोडली; फ्रेडरिक राजा वारल्यावरच तो सैन्यांत परतला. स्वभाव तापट आणि जुगाराचा नाद मोठा. तेवढा कित्ता विद्यार्थ्यांनीं गिरवूं नये! १८०६ सालीं त्यास फ्रेंचांस शरण जावें लागलें. १८१३ सालीं लाइप्झिगच्या विजयांत त्यानें ती नामुष्की धुऊन काढली.

ता. १६ जून १८१५ रोजीं लिनी येथें नेपोलियननें त्यास पुन्हां हरविलें. घोडा गोळी लागून कोसळला आणि बहात्तर वर्षांचा सेनापति त्याखालीं अडकला. फ्रेंच स्वार जवळून दौडत गेले, पण अंधारांत त्यांनीं त्यास ओळखलें नाहीं. इकडे त्याचा सहकारी ग्नायझेनाऊ याजवर माघारीचा निर्णय येऊन पडला. पूर्वेची वाट मायदेशाची व दाणागोट्याची. शिवाय वेलिंग्टनवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तरीही त्यानें सैन्य उत्तरेस वाव्हरकडे वळविलें. सुटून आलेल्या ब्लूखरनें तेथूनच वेलिंग्टनला मदतीचें वचन धाडलें.

नकाशावर सोंगट्या सरकवून युद्धाचा खेळ खेळणारास वाव्हर ते वॉटर्लू हें अंतर बोटभर दिसतें. परंतु ता. १८ रोजीं त्या वाटेवर आदल्या दिवशींच्या पावसाचा चिखल होता. लिनीस न लढलेली ब्यूलोची ताजी फौज पुढें निघाली. पण तीच सर्वांत मागें होती, आणि वाव्हर गांवांत आग लागल्यानें आणखी खोळंबा झाला. लान ओढ्याच्या खोऱ्यांत तोफांचीं चाकें रुतलीं. अंग ठेचाळलेलें असतां ब्लूखर घोड्यावर बसून शिपायांस धीर देत होता. मागें वाव्हरवर फ्रेंच तुटून पडल्याची वार्ता आली, तरी तो माघारी वळला नाहीं.

दुपारीं साडेचारच्या सुमारास त्याच्या तोफा नेपोलियनच्या उजव्या बगलेवर धडधडूं लागल्या. प्लान्सन्वा गांव राखण्यासाठीं नेपोलियनला आपल्या खास पलटणी तिकडे धाडाव्या लागल्या. त्या वेलिंग्टनवर तुटून पडल्या असत्या तर काय झालें असतें, याचा विचार वाचकांनींच करावा. सायंकाळीं दुसरी प्रशियन फौज वेलिंग्टनच्या डाव्या अंगास येऊन भिडली. त्या दिवशीं सुमारें ७,००० प्रशियन शिपाई मेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले.

रात्रीं नऊच्या सुमारास ते दोघे सेनापति रणांगणांतच भेटले. ब्लूखर १८१९ सालीं सायलेशियांतील आपल्या जहागिरींत वारला.