मामाची मुलगी केलेला डार्विन

डार्विन म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली माकडं आठवतात. मला मात्र तो आठवतो दहा लेकरांचा बाप म्हणून. मैत्रिणींनो, त्याची काळजी आपल्याही घरातली आहे!

चार्ल्स डार्विन १८०९ साली इंग्लंडात जन्मला. पाच वर्षं जहाजावरून जग हिंडून आला आणि १८३९ मध्ये त्यानं एमाशी लग्न केलं. एमा म्हणजे त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. घर पाहिलेलं, माणसं ओळखीची! संसार सुखाचा झाला. तो सतत आजारी असे. एमानं आयुष्यभर त्याचं सगळं केलं.

पण दहापैकी तीन मुलं लहानपणीच गेली. १८५१ मध्ये दहा वर्षांची लाडकी ॲनी गेली, तेव्हा तो पार खचला. नात्यातल्या लग्नामुळे तर मुलं अशक्त निपजत नाहीत ना, ही शंका त्याला छळत राहिली.

सजीवांमधले लहानसहान फरक पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात आणि तगणारे टिकतात, हे त्यानं १८५९ मध्ये जगाला सांगितलं. पुढे अकरा वर्षं त्यानं रोपांवर प्रयोग केले. स्वतःच्याच परागावर धरलेल्या बियांपेक्षा दुसऱ्या झाडाच्या परागावर धरलेल्या बियांची रोपं बहुधा जोमदार निघाली. १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नांची नोंद व्हावी म्हणून त्यानं खटपट केली; पार्लमेंटनं ती नाकारली. १८८२ मध्ये तो गेला.

ॲनीला बहुधा क्षय होता, असं आज मानतात. पण त्याची शंका अगदीच पोकळ नव्हती. आपल्या प्रत्येकात काही बिघडलेली जनुकं झाकलेली असतात. आई आणि बाप दोघांकडून तेच बिघडलेलं जनुक आलं, तर आजार उमटतो. आते-मामे भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात. म्हणून जन्मजात दोषाचा धोका शंभरात दोन-तीनाचा चार-सहा होतो. म्हणजे बहुतेक मुलं ठणठणीतच जन्मतात, हेही खरं.

म्हणून मला वाटतं, लग्न ठरवताना पत्रिकेसोबत थॅलेसेमिया, सिकलसेलची रक्ततपासणीही करावी. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. आणि असं मूल झालंच, तर सुनेच्या नावानं बोटं मोडू नका. त्यात निम्मा वाटा मुलाचाही असतो!