लिओनार्ड ऑयलर : पाण्याचा हिशेब ठेवणारे गणिती

घागरींतील पाणी पातेल्यांत ओतलें, तर न सांडल्यास तें तितकेंच राहतें, हें लहान मूलही जाणतें. परंतु आमच्या ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांतील ज्या विद्यार्थ्यांस संगणकावर पाण्याचीं चलच्चित्रें करण्याचा नाद आहे, त्यांस कधीं कधीं एक चमत्कारिक अनुभव येतो. चित्रांतील पेला फुटलेला नसतो, एक थेंबही बाहेर सांडलेला नसतो; तरी पाण्याची पातळी हळूहळू खालीं जाते. उल्हास नदीचा पूर दाखवूं जावें, तर अखेरीस नाला शिल्लक राहतो! हें पाणी जातें कोठें? तें शोधण्याचें साधन सुमारें पावणेतीनशें वर्षांपूर्वीं ज्या थोर पुरुषानें जगास दिलें, त्यांचें चरित्र आज पाहूं.

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजीं स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलानेंही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नूली या विख्यात गणितज्ञांनीं मुलाची बुद्धि हेरली. ते नियमित शिकवणी देत नसत. कठीण ग्रंथ स्वतः वाचावयास सांगत, आणि दर शनिवारीं दुपारीं अडलेल्या शंका तेवढ्या सोडवीत. म्हणून शंका होतां होईल तों थोड्याच न्याव्यात, असा ऑयलर यांचा प्रयत्न असे. अडलें म्हणजे प्रथम स्वतः शोधावें, ही संवय त्यांस येथेंच जडली. १७२७ सालीं ते रशियांत सेंट पीटर्सबर्गच्या अकॅडमींत गेले. तेथें १७३८ च्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. पण काम थांबलें नाहीं. १७४१ सालीं प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या बोलावण्यावरून ते बर्लिनला आले.

या राजानें पॉट्सडॅम येथील आपल्या सां-सूसी राजवाड्याच्या बागेंत उंच कारंजें करण्याचें योजिलें. हाफेल नदीचें पाणी पवनचक्कीच्या बळानें टेकडीवरील तलावांत चढवावयाचें होतें. परंतु लांकडी नळ फुटूं लागले. ऑयलर यांनीं १७४९ सालीं हिशेब करून कळविलें कीं, पाणी जोरानें ढकलतांना नळांत स्थिर पाण्यापेक्षां पुष्कळ अधिक दाब निर्माण होतो. यास्तव नळ बळकट व पुरेसे रुंद हवेत. या सल्ल्याकडे दुर्लक्ष झालें. राजाच्या हयातींत कारंजें नीट उडालेंच नाहीं, आणि दोष मात्र त्यानें ऑयलर यांच्या गणितास दिला. पुढें १८४२ सालीं वाफेचें यंत्र बसविल्यावर तें कारंजें एकदांचें उडालें.

ऑयलर यांनीं वाद न घालतां पाण्याचा अभ्यास अधिक खोल नेला. १७५५ सालीं त्यांनीं प्रवाही पदार्थांच्या गतीचे सामान्य नियम बर्लिनच्या अकॅडमीपुढें मांडले. ते १७५७ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांतील एक नियम असा : पाण्याच्या आंत कोठेंही एक लहानसें घर कल्पावें, पाणी जवळजवळ दाबलें जात नसल्यामुळें, त्या घरांत जितकें पाणी शिरेल तितकेंच बाहेर पडलें पाहिजे. डोंबिवली स्टेशनांत खचून भरलेल्या डब्यांत कोणी उतरल्यावांचून दुसरा चढूं शकत नाहीं, तसेंच हें होय.

संगणकही हेंच करतो. १९६५ सालीं अमेरिकेंतील लॉस अलामॉस येथील हार्लो व वेल्श यांनीं एक रीत प्रसिद्ध केली : जागेचीं लहान घरें पाडावयाचीं, आणि पाणी कोठें आहे हें दाखविण्यास त्यांत कण सोडावयाचे. प्रत्येक घराचा जमाखर्च जुळावा म्हणून दाबाचें गणित पुनःपुन्हां सोडवावें लागतें. तें घाईनें मध्येंच थांबविलें, कीं घरोघरीं थोडी चूक उरते, आणि पाणी घटूं लागतें. घरें फार मोठीं असलीं, तर त्यांहून पातळ असा पाण्याचा पडदा गणितांतून निसटतो. प्रत्येक टप्प्याचा काळ लांब धरला, तर पाणी एका उडींत अनेक घरें ओलांडतें. पात्राची भिंत पातळ असल्यास तिच्या पलीकडेही जातें. नुसते कण मोजूनही भागत नाहीं. कण तितकेच असूनही एकमेकांजवळ दाटले, तर पाणी कमी दिसतें.

उपाय शोधतांना बंद पात्रांतील स्थिर पाण्यापासून आरंभ करावा, आणि प्रत्येक टप्प्यास एकूण पाणी मोजावें. मग घरें लहान करणें, टप्पे वाढविणें, दाबाचें गणित अधिक काटेकोर करणें, यांपैकीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. म्हणजे दोष कोठें आहे तें कळतें. सर्व एकदम बदलणारास पाणी सांपडलें तरी कारण सांपडत नाहीं.

१७६६ सालीं ऑयलर सेंट पीटर्सबर्गला परतले. १७७१ सालीं शस्त्रक्रियेनंतर दुसराही डोळा गेला. त्याच वर्षीं घरास आग लागली. एका स्वदेशबंधूनें त्यांस खांद्यावर घेऊन बाहेर काढलें, आणि बहुतेक हस्तलिखितें वांचलीं. १७७३ सालीं पत्नी कॅथरिना वारली. तेरा मुलांपैकीं पांचच जगलीं होतीं. इतकें सर्व हरपलें, तरी तोंडीं हिशेब करून, पुत्र व शिष्य यांचेकडून लिहवून घेऊन, त्यांनीं शेंकडों निबंध पुरे केले. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं, नव्यानें सांपडलेल्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं बोलणें झाल्यावर, नातवाशीं खेळत असतां त्यांस मूर्च्छा आली, आणि त्याच रात्रीं त्यांचें निधन झालें.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या चित्रांतील पाणी आटलें कीं यंत्रावर किंवा गणितावर रागावणें सोपें आहे. राजा फ्रेडरिकनें तेंच केलें. शनिवारच्या दुपारपूर्वींच आपली शंका स्वतः सोडवूं पाहणाऱ्या बाझलच्या त्या मुलानें तसें केलें नसतें. त्यानें आधीं आपला हिशेब तपासला असता.