कलामहर्षी बाबूराव पेंटर : हाताच्या कसबाने मिळविलेले नाव

आमच्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत शिक्षक झाले, परिचारिका झाल्या, अभियंते व अधिकारीही झाले. त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु दरवर्षी असा एखादा मुलगा किंवा मुलगी येथे येतेच, जिच्या वह्यांचे समास चित्रांनी भरलेले असतात, जयंतीचा फलक जिच्यावाचून रंगत नाही आणि जिचे अक्षर पाहून वाटसरूही क्षणभर थबकतो. अशा मुलांचे पालक आम्हांला चिंतेने विचारतात की, या चित्रांवर पोट भरेल काय? त्या प्रश्नामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे दारिद्र्य उभे असते. म्हणून त्यास हसून उत्तर देणे आम्हांला कधीच शोभले नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर एका चरित्रातून द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, चित्रे व मूर्ती या सर्वांत निष्णात होते. बाबूरावांनी कोणत्याही कलाशाळेची पायरी चढली नाही. बंधू आनंदराव यांच्यासह ते पाहून, करून आणि चुकून शिकले. 1910 नंतरच्या काही वर्षांत संगीत नाटक मंडळ्यांसाठी रंगविलेल्या पडद्यांमुळे या दोघा बंधूंचे नाव पश्चिम भारतात सर्वतोमुखी झाले. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, जे जे नाटकाला हवे ते ते सपाट कापडावर उभे करावयाचे आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते खरे वाटावयास लावावयाचे, हे त्यांचे काम. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले. आपल्या देशात जन्माने चिकटलेल्या नावाने माणसाची किंमत ठरविली जाते. बाबूरावांनी मात्र आपल्या हाताचे कसब हेच आपले आडनाव केले. आमच्या वाचकांनी या गोष्टीपाशी थोडे थांबावे, अशी आमची इच्छा आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आला आणि या बंधूंना चलच्चित्राचा ध्यास लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर मिळविला, त्यावर चित्रपट दाखविले आणि त्या यंत्राचे मर्म जाणून घेतले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा तो स्वतःच घडविण्याचा निश्चय झाला. काम अर्ध्यावर असताना 1916 मध्ये आनंदराव निवर्तले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून सर्व काही शिकलो तोच गेल्यावर दुसरा कोणी खचला असता. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी घेऊन ते काम चालू ठेवले आणि 1918 मध्ये कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. समाजाने जिच्या कलेचा आस्वाद घेतला पण जिला मान देताना हात आखडला, अशा वर्गातील एका स्त्रीच्या पैशावर मराठी चित्रपटाचा हा पाया घातला गेला, हे विसरता येत नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 7 फेब्रुवारी 1920 रोजी पुण्यात झळकला. त्याच्या अवघा एक आठवडा आधी, 31 जानेवारीस, बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ सुरू केले होते आणि त्यास कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही मुक्यांचे पत्र आणि मुका चित्रपट एकाच पंधरवड्यात लोकांसमोर यावेत, हा योग आम्हांला विलक्षण वाटतो. ‘सैरंध्री’तील कीचकवधाचे दृश्य इतके खरे भासले की सेन्सॉरने त्यास कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्या चित्रपटात काम करणाऱ्या गुलाबबाई व अनसूयाबाई यांना मात्र त्यांच्या समाजाने वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. कीर्ती एकाच्या वाट्याला आणि बहिष्कार दुसऱ्याच्या, हे त्या काळाचे चित्रही नोंदविले पाहिजे.

चित्रकाराचा हात चित्रपटाला काय देऊ शकतो, हे बाबूरावांनी दाखवून दिले. रंगविलेल्या पडद्यांवर ज्यांचे नाव झाले होते त्यांनीच ते पडदे दूर सारले आणि माणसे वावरू शकतील असे भरीव देखावे उभारले. ‘सिंहगड’ (1923) या चित्रपटासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. 1921-22 च्या सुमारास चित्रपटाची माहिती व छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगविली. ‘वत्सलाहरण’ (1923) चे भित्तिपत्रक आजही भारतीय चित्रपट-जाहिरातीच्या इतिहासात अग्रभागी मानले जाते. मूकपटात अक्षरांचे महत्त्व मोठे होते. संवाद व कथासूत्र लिहिलेल्या पाट्या दृश्यांच्या मधून पडद्यावर येत आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवी. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरांपासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी आज सुंदर अक्षर घडवावे, या गोष्टीचे मोल आम्ही वेगळे सांगावयास नको.

1925 मध्ये त्यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. कपटी सावकाराच्या कर्जात शेतकऱ्याची जमीन जाते आणि तो शहरात येऊन गिरणी कामगार होतो, ही त्याची कथा. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. देवदेवता व राजेरजवाडे पाहण्यास सरावलेल्या प्रेक्षकांना स्वतःच्या गावचे दुःख पडद्यावर पाहवले नाही आणि चित्रपटाला यश लाभले नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळले. परंतु तो विषय त्यांच्या मनातून गेला नाही. 1936 मध्ये त्यांनी तोच चित्रपट बोलपट म्हणून पुन्हा केला.

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे त्यांचे सहकारी कंपनी सोडून गेले आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. बाबूरावांच्या कंपनीला तो घाव सोसला नाही. पुढे त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे बोलपट केले, ‘लोकशाहीर राम जोशी’च्या दिग्दर्शनात वाटा उचलला आणि चित्र व शिल्प यांत मन रमविले. 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले आहेत. परंतु त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ घडविला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. गुरूची कला शिष्यांच्या हातांतून पुढे गेली, असेच म्हणावे लागेल.

आता पालकांच्या प्रश्नाकडे वळतो. कलेत हमखास भाकरी असते, असे आम्ही म्हणणार नाही. बाबूरावांच्या चरित्रात अपयशही आहे आणि ताटातूटही आहे. परंतु आज अक्षरलेखन, पात्ररचना, सचेतपट, चित्रपटांची शीर्षके व दृश्यरचना यांत शेकडो हातांना काम मिळते आणि या सर्वांची मुळे पडदे रंगविणाऱ्या अशा कारागिरांच्या कष्टांत आहेत. बुद्धांच्या शिकवणीत सम्यक् आजीविकेला मोठे स्थान आहे. कोणाला न फसविता, कोणाला न दुखविता, आपल्या कसबाने मिळविलेली भाकरी ही त्या मार्गावरचीच होय. म्हणून समासात चित्रे काढणाऱ्या मुलाची वही फाडू नका. त्याला कागद द्या, चांगल्या हाताखाली ठेवा आणि त्याच्याकडून चिकाटी मागा. ज्या माजी विद्यार्थ्यांनी हा मार्ग धरला आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस येथे यावे आणि धाकट्यांच्या हाती कुंचला द्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.